चेला निघाला गुरूच्या पुढे

"वहिनी, तुमच्या धाकट्याच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत कोण इंग्रजीत बडबडत असतं हो? आमच्या ह्यांना वाटलं, पोराचा ऑनलाइन इंटरव्ह्यू चाललाय. म्हटलं, लागली वाटतं नोकरी!"

"कसली नोकरी अन् कसलं काय! कुणी अमेरिकेतला मास्तर आहे, ताई. कोटाच्या आत टीशर्ट घालून वर्गात उभा राहतो आणि जादूच्या कादंबऱ्या कशा लिहायच्या ते शिकवतो. इकडे इंजिनिअरिंगचं सबमिशन तोंडावर आलंय आणि हा बसलाय ड्रॅगन पाळत."

"कोटाच्या आत टीशर्ट म्हणजे ब्रँडन सँडरसन. थांबा, कढीपत्ता मग तोडा. त्याची सगळी कुंडली आहे माझ्याकडे."

"तुमच्याकडे कशी?"

"लायब्ररीत जन्म गेला माझा. पुस्तकं पुरी वाचायला वेळ मिळाला नाही, पण लेखकांच्या भानगडी एकूण एक ठाऊक आहेत. हा बाबा नेब्रास्काचा. लहानपणी वाचनाचा कंटाळा. आठवीत एका बाईंनी बार्बरा हँबलीचं 'ड्रॅगन्सबेन' हातात दिलं आणि कामातून गेला. आईला वाटत होतं पोरगा डॉक्टर होईल, म्हणून कॉलेजात बायोकेमिस्ट्री घेतली. मध्येच सोडली आणि इंग्रजीला गेला."

"अगंबाई! म्हणजे मधूनच सोडता येतं? हे ह्याला सांगू नका हं."

"त्याला माहीत असणार. कॉलेज कुठलं, तर यूटा राज्यातलं, प्रोव्हो गावचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ. मॉर्मन लोकांचं. चहा नाही, कॉफी नाही, दारूचं तर नावच नको."

"चहा न घेता रात्र रात्र लिहितात?"

"लिहितात म्हणजे काय, हा तर हॉटेलात रात्रपाळीला काउंटरवर बसायचा. नोकरी मुद्दाम तशी घेतली. मध्यरात्रीनंतर कोण मरायला येतंय खोली मागायला? बसल्या बसल्या कादंबऱ्या. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. छापत कुणी नव्हतं. सहावी छापायला घेतो म्हणून निरोप आला, तेव्हा हा तेरावी लिहीत होता."

"तेरा? आणि मधल्या सगळ्यांचं काय केलं?"

"बऱ्याचशा पडून राहिल्या. पण खरी गंमत पुढेच आहे. ह्याला गुरू भेटला तो ह्याच कॉलेजात. डेव्ह वुल्व्हर्टन त्याचं नाव. पुस्तकांवर लावायचा डेव्हिड फारलंड. तुमच्या पोराला फारलंड विचारून बघा. मास्तरच्या मास्तराचं नाव त्याला यायला हवं."

"दोन दोन नावं कशाला? कर्जबिर्ज झालं होतं का?"

"नाही हो. विज्ञानकथा एका नावाने, जादूच्या कादंबऱ्या दुसऱ्याने. तिकडे चालतं ते. आणि हा काही जन्मजात प्रोफेसर नव्हे. तुरुंगात गार्ड होता एके काळी. मग 'स्टार वॉर्स'ची कादंबरी लिहिली, 'रूनलॉर्ड्स' नावाची लांबलचक मालिका लिहिली. आणि पुढे ह्याच विद्यापीठात लेखनाचा वर्ग घ्यायला लागला. त्या वर्गात एका बाकावर सँडरसन, दुसऱ्यावर डॅन वेल्स. हे दोघे पुढे लेखक झाले. 'ट्वायलाइट'वाली स्टेफनी मायरही त्याच विद्यापीठाची. फारलंडच्या शिष्यांची यादी सांगताना तिचंही नाव घेतात."

"ती रक्तपिपासूवाली? आमची थोरली रडायची हो ते वाचून."

"अख्खं जग रडलं. 2005 साली आली ती, आणि सँडरसनची पहिली छापील कादंबरी 'एलान्ट्रिस'ही त्याच वर्षी. एका विद्यापीठाच्या दोन पोरांची पुस्तकं एकाच वर्षी दुकानात. एकीचं रातोरात डोक्यावर घेतलं, दुसऱ्याचं हळूहळू."

वहिनींनी कढीपत्त्याची टोपली भिंतीवर ठेवली. म्हणजे आता बैठक लांबणार.

"पण ताई, लिहायला काय शिकवायचं असतं? आमच्या सासूबाई म्हणायच्या, सरस्वती प्रसन्न असावी लागते. शिकवून कुणी लेखक होतं का?"

"हेच तर मी कधीची सांगायला बघतेय. सरस्वतीचं कुणी शिकवलंच नाही तिथे. वर्गात प्राध्यापकमंडळी वाक्य कसं नटवायचं ते सांगत होतीच. फारलंडने सांगितलं, ह्यावर घर कसं चालतं. एडिटरला गाठायचं कुठे, तर संमेलनाला जा. पुस्तकाचा करार म्हणजे काय, एजंट किती टक्के घेतो, पहिलं पुस्तक खपलं नाही तर काय करायचं. सँडरसन पुढे सांगत आलाय, तोवर त्याला शिकवणाऱ्यांत लेखणीवर पोट भरणारा कुणी नव्हता. हा पहिला. धंदा म्हणून बघ, हे पहिल्यांदा ह्याच्याकडून ऐकलं."

"धंदा म्हटल्यावर बरं वाटलं ऐकायला."

"वाटणारच. तुमचं माहेर बाजारपेठेतलं. आणि पोराने ऐकलं हो! 2001 साली माँट्रियलला फॅन्टसीवाल्यांचं मोठं संमेलन होतं, तिथे गेला. टॉर प्रकाशनाच्या मोशे फेडर नावाच्या एडिटरला गाठलं, आणि 'एलान्ट्रिस'चं बाड पाठवून दिलं. मग दीड वर्ष गप्प. ना हो, ना नाही."

"दीड वर्ष! आमच्या थोरलीच्या वेळी त्या साताऱ्याच्या स्थळाने सहा महिने उत्तर दिलं नव्हतं, तर मी अंथरूण धरलं होतं."

"आणि मजा अशी की फेडरला पुस्तक आवडलं तोवर पोराचा पत्ता-फोन सगळं बदललेलं. एडिटर आपला शोधतोय लेखकाला. शेवटी गाठलं एकदाचं. संमेलनाला गेलाच नसता तर ते बाड आणखी कुठल्या तरी ढिगात पडून राहिलं असतं. म्हणून म्हणते, गुरूने काही मंत्र दिला नाही. कुठल्या गाडीत बसायचं तेवढं सांगितलं."

"तरी पण, वहिनी ऐकते आहे म्हणून वाढवून सांगू नका. गाडीत बसून बाकीचेही गेले असतील. सगळे थोडेच सँडरसन झाले?"

हे मात्र वहिनींनी बरोबर पकडलं. संमेलनात बाड घेऊन फिरणारे शेकड्याने असतात. तेरा कादंबऱ्या रात्रपाळीत लिहायचा चिवटपणा कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत, तो हाडात असावा लागतो. पण चिवट माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? त्यांना कुणी सांगत नाही, की बाबा, बाड घेऊन जायचं कुठे. दिवाळी अंकाला पाठवतात आणि पोस्टमनची वाट बघत बसतात.

"बरं, पुढे? पैसे किती मिळवले त्याने?"

"येते त्यावर. आधी त्या विधवा बाईंची गोष्ट. रॉबर्ट जॉर्डन नावाचा मोठा फॅन्टसी लेखक होता, साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनचा. 'व्हील ऑफ टाइम' नावाची मालिका 1990 पासून लिहीत होता, विटांसारखे खंड. शेवटचा खंड राहिला आणि 2007 च्या सप्टेंबरात तो गेला. बायको हॅरिएट मॅकडूगल. ती नुसती बायको नव्हे, त्याची एडिटरही तीच."

"म्हणजे नवऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळायचा तिला? नशीब लागतं."

"आता नवरा गेला, मालिका अर्धी, वाचक दारात. सँडरसन शाळेत असल्यापासून त्या मालिकेचा भक्त. जॉर्डन गेल्यावर त्याने श्रद्धांजली लिहिली, मनापासून. ती ह्या बाईंच्या वाचनात आली. त्यांनी त्याची 'मिस्टबॉर्न' वाचून पाहिली आणि सरळ फोन केला, मालिका पुरी करशील का म्हणून. हा नवखा, दोन-चार पुस्तकांचा लेखक. एका खंडात आटपायचं होतं, त्याचे तीन झाले. 2009, 2010, 2013. एकूण चौदा खंडांवर मालिका संपली आणि सँडरसनचं नाव घरोघर झालं."

"दुसऱ्याचं अर्धवट काम पुरं करून नाव कमावलं म्हणायचं."

"म्हणायचं तर म्हणा. आता त्याच्या गुरूकडे बघा. फारलंडच्या स्वतःच्या 'रूनलॉर्ड्स'चे आठ भाग निघाले, आठवा 2009 मध्ये. नववा, शेवटचा, 'अ टेल ऑफ टेल्स' म्हणून जाहीर केला होता. वाचक वर्षानुवर्षं विचारत राहिले. तो हातून पुरा झाला नाही. 2022 च्या जानेवारीत फारलंड गेला. चेल्याने परक्याची मालिका तडीस नेली आणि गुरूची राहिली."

वहिनी जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं करत काय होता मग?"

"दुसऱ्यांना शिकवत होता! लेखकांची एक मोठी स्पर्धा आहे, 'रायटर्स ऑफ द फ्यूचर'. तिथे तो स्वतः नवखा असताना 1987 साली पहिला आला होता, पुढे तिथलाच मुख्य परीक्षक झाला. पोरांच्या कथा वाचायच्या, निवडायच्या. शिवाय रोज सकाळी होतकरू लेखकांना ईमेलने एक धडा जायचा. त्या उपक्रमाचं नाव सांगू? 'डेली किक इन द पँट्स'. रोजची एक लाथ."

"हे बरंय! मला हवंय हे, आमच्या धाकट्यासाठी."

"म्हणून तर म्हणते, कुणी त्याला आळशी म्हणू नये. वेळ पुरला नाही. आणि संकट काय कमी आलं? 2013 मध्ये त्याच्या मुलाला चाकाच्या फळीवरून, ते लाँगबोर्ड म्हणतात ना, त्यावरून पडून जबर अपघात झाला. डोक्याला मार, कोमा. पोरगं सोळा वर्षांचं. तिकडचा इस्पितळाचा खर्च म्हणजे घरदार विकलं तरी पुरायचा नाही. तेव्हा लेखकमंडळींनी आणि वाचकांनी काय केलं, एक दिवस ठरवला आणि सगळ्यांनी एकाच दिवशी फारलंडची पुस्तकं विकत घेतली. 'बुक बॉम्ब' म्हणतात त्याला. पैसे दिले, पण भीक म्हणून नाही, पुस्तक घेऊन दिले."

"पोरगं?"

"वाचलं."

"मग ठीक."

खरं सांगायचं तर फारलंडच्या सगळ्या गोष्टींत मला ही सर्वांत आवडते. लेखकाला मदत करायची तर त्याचं पुस्तक घ्यावं, ही साधी गोष्ट. आपल्याकडे लेखक आजारी पडला की सत्काराची शाल तेवढी येते.

"आता पैशांचं," मी म्हटलं, कारण वहिनींची नजर पुन्हा कढीपत्त्याकडे वळली होती. "जानेवारीत गुरू गेला. मार्चमध्ये सँडरसनने जाहीर केलं, की लॉकडाऊनमध्ये मी कुणाला न सांगता जास्तीच्या कादंबऱ्या लिहून ठेवल्यात, त्या चार आता काढतोय, आगाऊ पैसे भरा. प्रकाशक नाही मध्ये, थेट वाचकाकडून. महिनाभरात जमले 4 कोटी 17 लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने तीनशे कोटी रुपयांच्या वर. 1 लाख 85 हजार लोकांनी भरले."

"तीनशे कोटी? न छापलेल्या पुस्तकांचे?"

"न छापलेल्या. किकस्टार्टर नावाच्या त्या व्यवस्थेवर तोवर एवढे पैसे कुणालाच मिळाले नव्हते."

"आणि तरी तो अजून वर्ग घेतो? कशाला?"

"तेच तर! फारलंडने वर्ग सोडला, आणि 2004 पासून तोच वर्ग सँडरसन घ्यायला लागला. ते पगारासाठी नाही हे उघड आहे, त्या पगारात त्याच्या ऑफिसचं वीजबिलही निघायचं नाही. कॅमेरा लावून व्याख्यानं सगळ्या जगाला फुकट दिली. तुमच्या घरात रात्री ऐकू येतं ते हेच. त्याच्या हाताखालून गेलेला ब्रायन मॅक्लेलन 2013 मध्ये 'प्रॉमिस ऑफ ब्लड' घेऊन आला, म्हणजे तिसरी पिढी झाली."

"फुकट? मग आमचा तो हेडफोन कशाला मागत होता महागाचा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पण तो सँडरसन जे सांगतो ना, ते काही उथळ नाही हं. त्याचा पहिला नियम आहे, की जादूने संकट सोडवायचं असेल, तर ती जादू काय करू शकते आणि काय नाही, हे वाचकाला आधीच नीट कळलेलं हवं. जेवढं कळलं असेल तेवढंच त्या सुटकेचं समाधान."

"म्हणजे ऐन वेळी देवाने प्रकट होऊन चालणार नाही."

"नाही."

"मग आमच्या दुपारच्या मालिका बंदच पडतील."

हे काही खोटं नव्हतं. पण मी वहिनींना म्हटलं, की सगळेच गुरू एवढे उदार नसतात. सगळ्यात मोठ्याची गंमत तर ऐका.

"टोल्किन. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला. ऑक्सफर्डला प्रोफेसर. 1953 साली डायना विन जोन्स नावाची मुलगी तिथे शिकायला गेली. तीच पुढे 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' लिहिणारी, ज्याचा जपान्यांनी सिनेमा केला."

"हो हो, तो चालता वाडा. धाकट्याने दाखवलाय मला. कोंबडीच्या पायांवर."

"तीच. तिने पुढे सांगितलं, की टोल्किनला व्याख्यान द्यायचंच नसायचं. फळ्याकडे तोंड करायचा आणि पुटपुटायचा. कारण काय, तर त्या काळी तिथे अशी सोय होती, की पोरं यायची बंद झाली तर प्रोफेसर घरी जायला मोकळा, पगार मात्र पूर्ण सत्राचा."

"काय सांगताय! आणि घरी जाऊन काय करणार होता?"

"कादंबरी! 1954 ते 55 मध्येच तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही खंड निघाले. हा घाईत. आणि समोर ही पोरगी, चिकट. उठतच नाही. मोजकी दोन-चार टाळकी उरली आणि त्यांच्यापायी बिचाऱ्याला सत्रभर यावं लागलं."

"मग पुटपुटण्यातून कळलं काय तिला?"

"जे कळलं ते सोन्यासारखं. टोल्किन म्हणे अगदी साध्या गोष्टीपासून सुरुवात करायचा. एक माणूस प्रवासाला निघतो. बस्स. मग त्या प्रवासाला एक हेतू जोडायचा, काहीतरी शोधायचंय, काहीतरी पोचवायचंय. लगेच गोष्ट बदलते. मग त्यात आणखी एक बदल. असं करत करत साध्या चालण्यातून चॉसरच्या त्या जुन्या मरणाच्या कथेपर्यंत पोचायचा. गोष्ट कशी वळते, ते डोळ्यांसमोर. त्याच विद्यापीठात सी. एस. लुइस खणखणीत आवाजात बोलायचा, हॉल खचाखच. पण तिला कथानक शिकवलं ते ह्या पुटपुट्याने."

"पोरगी खमकी होती."

"लहानपणापासूनच नशीब तसं हो तिचं. युद्धाच्या दिवसांत मुलांना लंडनबाहेर पाठवत होते, तेव्हा ही आणि बहिणी लेक डिस्ट्रिक्टला होत्या. तिथे शेजारी कोण? 'पीटर रॅबिट'वाली बिअॅट्रिक्स पॉटर. हिची धाकटी बहीण आणि एक मैत्रीण बाईंच्या फाटकावर झोके घेत होत्या, तर बाईंनी येऊन चापट मारली दोघींना!"

"सशाची गोष्ट लिहिणारीने?"

"सशाचीच. आणि आर्थर रॅन्सम म्हणून दुसरा मुलांचा लाडका लेखक तिथे होता, तो पोरांच्या गोंगाटाची तक्रार करत आला. जोन्सबाई म्हणायच्या, मुलांसाठी लिहिणाऱ्यांना मुलं आवडत नाहीत हे मला तेव्हाच कळलं."

वहिनी एवढ्या हसल्या की आतून कुणीतरी विचारलं काय झालं म्हणून. ह्यांच्याच फाटकाच्या कडीचा आवाज झाला की त्या 'कोण रे तिकडे' म्हणून ओरडतात, हे मी बोलले नाही.

"आणि गुरूने चेल्याची गोष्ट दाबून ठेवली, असंही झालंय का कुठे?"

"तुम्हाला बरोबर वास लागतो. झालंय. ऑक्टेव्हिया बटलर. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाची काळी मुलगी. आई लोकांच्या घरी धुणीभांडी करायची. मुलगी सहा फूट उंच आणि लाजरी इतकी की वर्गात तोंड उघडायची नाही. 1969 मध्ये पटकथालेखकांच्या संघटनेने होतकरूंसाठी फुकट वर्ग काढला, तिथे शिकवायला हार्लन एलिसन. हा म्हणजे भडक डोक्याचा, भांडकुदळ, पण नजर तयार. त्याने हिला ओळखलं आणि क्लॅरियन नावाच्या लेखन कार्यशाळेला धाडलं, पार पेनसिल्व्हेनियाला. 1970 ची गोष्ट. सहा आठवडे, दर आठवड्याला नवा नामवंत लेखक मास्तर, रोज एकमेकांच्या कथांची चिरफाड."

"मग?"

"मग तिथेच दोन कथा विकल्या गेल्या. एक स्वतः एलिसनने घेतली, 'चाइल्डफाइंडर', त्याच्या येणाऱ्या मोठ्या संग्रहासाठी. हिला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. आणि पुढची पाच वर्षं काही म्हणजे काही विकलं गेलं नाही. बशा धुतल्या, फोनवरून माल विकला, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात वेफर्स तपासले. पहाटे दोनला उठून लिहायची, मग कामावर."

"आणि तो संग्रह?"

"निघेल, निघेल म्हणत एलिसनने काढलाच नाही. बटलरबाईंच्या कादंबऱ्या निघाल्या, 1976 मध्ये पहिली, 1979 मध्ये 'किंड्रेड'. ह्या 'किंड्रेड'ला त्या फॅन्टसीच म्हणायच्या, भयाण फॅन्टसी. काळी बाई काळात मागे ओढली जाते आणि थेट गुलामगिरीत जाऊन पडते. 1995 मध्ये मॅकआर्थरची मोठी फेलोशिप मिळाली, विज्ञानकथा लिहिणाऱ्यांत पहिलीच. 2006 मध्ये त्या वारल्या. ती कथा गुरूच्या कपाटातच. शेवटी ती 2014 मध्ये दुसरीकडून छापून आली. एलिसन तेव्हाही जिवंत होता."

"चव्वेचाळीस वर्षं! मेला कपाटाचं कुलूप हरवलं होतं की काय?"

"आणखी कितीतरी जणांच्या कथा त्या कपाटात होत्या. 2018 मध्ये तो गेला, संग्रह शेवटी 2024 मध्ये दुसऱ्याने काढला. पण गंमत बघा, बटलरबाईंनी त्याला कधी वाईट म्हटलं नाही. क्लॅरियनची वाट त्यानेच दाखवली होती ना. आता त्यांच्या नावाने क्लॅरियनला जाणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळते. कोलकात्याचे इंद्रप्रमित दास आणि मिमी मंडल ती घेऊन गेले."

"कोलकात्याचे? आणि आपल्याकडचं कुणी?"

"आपल्याकडे उलटं झालंय थोडं. नारळीकर. 1957 साली ते केंब्रिजला गेले, आणि तिथे त्यांचे गुरू फ्रेड हॉइल. मोठा शास्त्रज्ञ, पण त्याच वर्षी त्याची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी निघाली होती. गुरूचं पाहून चेल्याने पुढे लिहिलं, पण मराठीत. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, आणि नाव काय, तर नारायण विनायक जगताप. आपली आद्याक्षरं उलटी करून! अक्षर कुणी ओळखू नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली."

"आणि पहिलं बक्षीस त्यांनाच."

"त्यांनाच. आणि सुरेश भट? 'गझलेची बाराखडी' लिहिली, नव्या पोरांना पाठवायचे, पत्रातून शेर दुरुस्त करायचे. एवढा मोठा कवी पोस्टकार्डावर मात्रा मोजत बसतो. गझलेत गुरू चालतो आपल्याला, गाण्यात चालतो, कुस्तीत चालतो. कादंबरीत म्हटलं की लगेच सरस्वती आठवते. मला विचाराल तर तेवढा एकच आळस आहे आपला."

"म्हणजे तुमचं म्हणणं, मी ह्याला बसू द्यावं रात्रभर?"

"मी कुठे असं म्हटलं? सबमिशन करू दे आधी. सँडरसनच्या नादाने बायोकेमिस्ट्री सोडणाऱ्यांतला एकच सँडरसन होतो."

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. ही खरी बातमीची वेळ असते.

"ताई, कुणाला सांगणार नाही ना? मी वाचली त्याची कादंबरी. तो कॉलेजला गेला होता तेव्हा. लॅपटॉप उघडाच होता."

"वहिनी! कशी आहे?"

"लिहिलंय बरं. जंगल बिंगल छान उभं केलंय. पण दुसऱ्याच पानावर त्या पोराची आई मरते. का हो? ह्या सगळ्या गोष्टींत आया पहिल्यांदा का मारतात? आईला दोन पानं जगू दिलं तर काय जादू कमी पडते का ह्यांची?"

"ती रीतच आहे तिकडे. आई असली की पोराला जंगलात जाऊच देत नाही, मग गोष्ट पुढे सरकणार कशी?"

"असं होय. मला काय माहीत रीत!"

"मग बोललात त्याला?"

"छे! चोरून वाचलेलं कसं बोलणार? आठवडाभर डब्यात दुधीची भाजी दिली फक्त. रोज."

"आणि?"

"पाचव्या दिवशी तो विचारायला लागला, आई, काय झालंय, तू रागावलीस का? मी म्हटलं, मी कशाला रागावू, मी तर मेलेलीच आहे."

"अहो, फोडलंत की तुम्हीच!"

"निघून गेलं तोंडातून. आता नवा खर्डा लिहितोय. आई जिवंत आहे त्यात. आजारी असते सारखी, पण जिवंत आहे."